घोड्याच्या शेपटीला खोबरेल

ओवी आणि मिहिर, मी पहिल्यांदा दुबईला गेले ती एका गैरसमजापायी. २००९ साल होतं. तुमच्या समीरमामाचा फोन आला आणि मध्येच तुटला. तुटण्याआधी मला एवढंच ऐकू आलं, "आई, शेजारी घुसले, रोज सकाळपासून..."

मंदीच्या बातम्यांची मी तेव्हा कात्रणं काढून ठेवत असे. नोकरी गेलेलं एखादं कुटुंब समीरच्या घरात येऊन राहिलं असणार आणि समीर भिडस्त, त्याच्या तोंडून "आता निघा" निघत नसणार, हे मी ताडलं. तुमची मामी नेमकी माहेरी होती. मी तिकीट काढलं. त्या बिचाऱ्यांसाठी चार जास्तीच्या चादरी आणि दोन किलो मेतकूट बांधलं. खसखस तिथे चालत नाही असं कुणीसं बजावलं होतं, ती वगळली. माझ्या केसांचं सामान मात्र नेहमीप्रमाणे घेतलं: खोबरेल, शिकेकाई आणि रिठे.

विमान इतकं रिकामं होतं की मी तीन खुर्च्यांवर आडवी होऊन गेले. दुबईच्या विमानतळावर एका तरुण अधिकाऱ्याने रिठ्यांची पिशवी उघडली.

"हे काय?"

"साबण."

"हे तर फळ आहे."

"फळ आहे आणि साबणही आहे."

त्याने दुसऱ्याला बोलावलं. दोघांनी एकेक रिठा हुंगला, मग माझ्या अंबाड्याकडे पाहिलं. "यल्ला (चला)," पहिला म्हणाला आणि पिशवी परत दिली.

समीर राहायचा सिलिकॉन ओएसिसमध्ये. उंच उंच इमारती, निम्म्या अंधाऱ्या, आणि त्यांच्या डोक्यावर जागच्या जागी थांबलेल्या क्रेन. घरात शिरून मी आधी खोल्या तपासल्या. कुणीही नव्हतं.

"घुसलेले कुठे गेले?" मी विचारलं.

समीर पाच मिनिटं हसत होता. तेवढ्यात भिंतीपलीकडून डब्यात भुंगा कोंडल्यासारखा आवाज आला. "हे ऐक," तो म्हणाला. "गुसले. सर्बियन वाद्य आहे, आई. शेजारी गुसले वाजतं, एवढंच सांगत होतो."

चादरी परत नेण्यासाठी मी घडी मोडलीच नाही. मेतकूट मात्र शेजारी देऊन आले.

शेजारी म्हणजे मिलोराद. पन्नाशीचे, खांद्याने दार भरून टाकणारे, बांधकामाचे नकाशे काढणारे. दारातच त्यांनी एका तबकात मुरंबा, चमचे आणि पाण्याचा पेला पुढे केला. पाहुण्याने एक चमचा गोड खायचं, वर पाणी प्यायचं. याला ते स्लात्को (गोड) म्हणतात. आपल्याकडे गूळपाणी देतात तसंच. उष्टा चमचा वेगळ्या पेल्यात टाकायचा असतो. उष्ट्याखरकट्याचा इतका नीट विचार केलेला पाहून मला हा देश एकदम आवडला.

गुसले दिसायला मोठ्या लाकडी पळीसारखं असतं. पळीच्या खोलगट भागावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं, दांड्यावर एकच तार, आणि ती घोड्याच्या शेपटीच्या केसांची. वाजवायचा गजही तसल्याच केसांचा. मांडीवर उभं धरून वाजवायचं आणि त्यावर जुन्या लढायांच्या कथा गायच्या. दांड्याच्या टोकाला एखाद्या प्राण्याचं डोकं कोरायची रीत आहे. मिलोराद नवीन गुसले कोरत होते.

"उंट छान आलाय," मी म्हटलं.

"तो घोडा आहे," ते म्हणाले. मग त्यांनी ते डोकं दूर धरून पाहिलं. "सात वर्षं इथे राहिलो. हात बिघडला."

हे गुसले त्यांना शुक्रवारच्या आत पुरं करायचं होतं. त्यांची नोकरी गेली होती आणि शनिवारचं विमान होतं. तिथल्या सर्बियन मंडळींत गुसले घडवणारे ते एकटेच. वडिलांचं जुनं वाद्य ते परत घेऊन चालले होते. म्हणजे नवं झालं नाही, तर दर शुक्रवारचा त्यांचा वर्ग बंद पडणार होता. तो वर्ग पुढे वेस्ना चालवणार होती. ती एका इस्पितळात नर्स होती आणि तीन वर्षं त्यांच्याकडे शिकत होती.

"मग अडलं कुठे?" मी विचारलं.

त्यांनी एक डबा उघडून दाखवला. गावाहून आणलेले केस कसरीने खाऊन टाकले होते.

समीरला बबन आठवला. बबन माणदेशातला, अल ऐनजवळ एका तबेल्यात मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारा). गणपतीत दुबईतल्या ऊद मेथा भागात हलगी वाजवायला यायचा, तिथली ओळख. बुधवारी समीर, मिलोराद आणि मी गाडीने निघालो. वाळू आधी पिवळी होती, मग तांबूस झाली, आणि अल ऐन आल्यावर अचानक खजुरीची दाट हिरवी राई लागली. मी डबे उघडले. मिलोरादनी पराठ्यावर मेतकूट घालून खाल्लं आणि ही कसली राख असं विचारलं.

बबनने आमचं सगळं ऐकून घेतलं.

"वाजवायला? मग नराचं पायजेत का मादीचं, आजी?"

मी मिलोरादना इंग्रजीत विचारलं. ते ठामपणे म्हणाले, "नराचेच. घोडीची शेपूट... मागून भिजते."

हे भाषांतर मी समीरवर सोपवलं.

"शाना हाय गडी," बबन म्हणाला. त्याने एका कापडातून पांढऱ्या केसांची लांब जुडी काढली. "ह्यो बर्क. म्हंजी वीज, यांच्या बोलीत. विंचरताना गळल्यालं साठवलंय. गावाकडं बैलास्नी गोंडं करणार हुतो."

"मग तुला?"

"बर्क काय टकला न्हाई झाला, आजी. घिऊन जावा. फकस्त वाजलं की फोनवर ऐकवा."

त्या संध्याकाळी मिलोराद दूतावासाच्या कागदांमागे गेले आणि जुडी माझ्याकडे राहिली. केस लांबसडक होते, पण कोरडे ठणठणीत आणि धुळीने भरलेले. इतके सुंदर केस तसेच कुणाच्या हातात द्यायचे, हे मला बरं वाटेना. मी ते धुतले, कोमट खोबरेल जिरवलं, आणि तिपेडी वेणी घालून गुरुवारी सकाळी नेऊन दिली.

"फार चमकतात," मिलोराद म्हणाले.

त्यांनी तार चढवली, गज बांधला, राळ घासली आणि वाजवलं. काहीच आवाज आला नाही. बर्फावरून घसरावा तसा गज तारेवरून घसरत होता. त्यांनी बोटं हुंगली.

"मॅडम, यात काय आहे?"

"खोबरेल."

ते खाली बसले. घोड्याचे केस कोरडे आणि खरखरीतच लागतात, तेल लागलं की खलास, हे त्यांनी मला अगदी सौम्यपणे समजावलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. वेस्ना तिथेच होती. ती उंटासारख्या घोड्याकडे पाहत राहिली, माझ्याकडे बघेना.

मी घरी येऊन रिठे फोडले आणि पातेल्यात उकळले. तार उतरवायला लावली. मग वेस्ना आणि मी नहाणीघरात बसून ते केस तीनदा धुतले. आधी फेस आलाच नाही, नुसता तवंग. तिसऱ्या वेळेला बादलीभर फेस आला. नर्सच ती, केस चिमटीत धरून चिकटपणा तपासत होती. दोरीवर वाळले तेव्हा केस पहिल्यासारखे रूक्ष झाले होते. रूक्ष केस पाहून मला आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला.

शुक्रवारी सकाळी वर्गाच्या खोलीत वीसेक माणसं होती. वेस्नाने गुसले मांडीवर घेतलं. भुंग्याचा आवाज निघाला, मग त्यात हळूहळू माणसाचा गळा मिसळला. मिलोराद भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी समीरचा फोन उंच धरला होता.

"आजी," फोनमधून बबन म्हणाला, "बर्कच्या पोटात दुखतंय का?" थोडा वेळ ऐकून पुन्हा म्हणाला, "दुखूद्या. ठिवू नका फोन."

निघताना वेस्नाने मला मिठी मारली आणि "बाबा नलिनी" म्हटलं. बाबा म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. उरलेले रिठे तिने मागून घेतले.

शनिवारी मिलोराद गेले, पंधरवड्याने मी चादरींसकट पुण्याला परतले. त्यानंतर दर वर्षी समीर येतो तेव्हा एक किलो रिठे घेऊन जातो. वेस्नाचा वर्ग चालू आहे. मागच्या खेपेला समीर तिथे डोकावला होता. ती नव्या मुलांना सांगत होती की तार चढवण्याआधी केस या काळ्या फळाच्या पाण्यात तीनदा धुवायचे असतात, ही आपल्या सर्बियन डोंगरातली फार जुनी रीत आहे.

"मी तिला खऱ्याची आठवण करून देणार होतो," समीर म्हणाला.

मी त्याला गप्प राहायला सांगितलं आणि रिठे अर्धा किलो वाढवून दिले.