तीन ते चार एंगेज

दुपारी तीन ते चार आमच्या घरचा फोन एंगेज लागायचा. मी तेव्हा शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, जनरेटरचे सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीत सेक्रेटरी होते. तीनचा चहा टेबलावर आला की घरी फोन लावायचा, लेक शाळेतून आली का, जेवली का विचारायचं आणि मगच पहिला घोट घ्यायचा, हा माझा नेम. सलग चौथ्या दिवशी फोन एंगेज लागला आणि चहा तसाच गार झाला. घरात लाइन एकच, आणि त्या वेळी घरात माणूसही एकच, पंधरा वर्षांचं.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करून टाकते. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर दिली तर मी जुडी सोडून बघते. त्यात गेल्या दोन महिन्यांपासून लेकीचं काहीतरी बिनसलं होतं. डबा अर्धा परत यायचा. बास्केटबॉल सोडला. काही विचारलं की ठरलेलं उत्तर, "आय ॲम फाइन, आई." नवरा दुबईतल्या रास अल खोरच्या गोदामातून ट्रॅफिकमध्ये पिळून निघून घरी यायचा. त्याला सांगितलं तर बूट काढता काढता म्हणाला, "अगं, एजच तसं आहे. होईल सेट." मला मात्र पोरगी हातातून निसटताना दिसत होती, आणि ती कुणाच्या हातात चाललीय हे मला शोधून काढायचं होतं.

एके दिवशी डोकं दुखतंय असं मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, "यल्ला, गो होम." साडेतीनला मी किल्लीने दार उघडलं. ती कॉम्प्युटरसमोर होती. मला बघताच तिने पडद्यावरचं पान घाईने बंद केलं आणि कॉम्प्युटरला लावलेली फोनची वायर काढून परत फोनला लावली. तेव्हा इंटरनेट फोनच्याच लाइनवरून चालायचं. "प्रोजेक्ट," ती म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं.

त्या काळी चॅट रूमच्या गोष्टी शुक्रवारच्या प्रत्येक गेट-टुगेदरला ऐकू यायच्या. अमक्याच्या मुलीला दुबईतल्या कुणा मुलाने कशी फूस लावली, तो मुलगा प्रत्यक्षात चाळीस वर्षांचा कसा निघाला. आमच्या ऑफिसातल्या वसईच्या रिसेप्शनिस्टबाईंनी मला कॉम्प्युटरची हिस्टरी कशी बघायची ते शिकवलं. "मॅडम, बघूनच टाका," त्या म्हणाल्या, "नंतर रडायला नको." मी बघितली. रोज एकच साइट. फिकट हिरवं पान, कुठल्या तरी दूरच्या देशातलं. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की तुझं वय तेरा ते एकोणीस असेल आणि मनात काही सलत असेल, तर आम्हाला लिही. नाव सांगू नकोस. आमचा लिसनर तुला उत्तर देईल. कुणालाही कळणार नाही.

'कुणालाही कळणार नाही' असं मुलींना कोण सांगतं, हे कुठल्याही आईला विचारा. माझं रक्त उसळलं. लिसनर म्हणजे कोण? बाई की बाप्या? नाव नाही, चेहरा नाही, फोटो म्हणून नुसता एक खडूने काढलेला कान. बरं, वाईट साइट उघडली की इथे सरकारची बंदीची पाटी यायची. ही मात्र बेधडक उघडत होती. म्हणजे साइट चांगली, असं एखाद्या भोळ्या बाईने म्हटलं असतं. मी म्हटलं, हे लोक सरकारपेक्षाही हुशार दिसतात.

लेकीची पत्रं वाचायला पासवर्ड लागत होता. तिचा वाढदिवस टाकून बघितला, आमच्या लग्नाची तारीख टाकून बघितली, दोन्ही चालेनात. मग मी ठरवलं की आपणच पंधरा वर्षांची मुलगी व्हायचं आणि या लिसनरला रंगेहाथ पकडायचं. भेटायला बोलावतो का, फोटो मागतो का, शाळेचं नाव विचारतो का, ते बघायचं. नवऱ्याला यातलं काही सांगितलं नाही.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लिहायला बसले, तर दुःख कोणतं लिहावं ते सुचेना. प्रेमभंग लिहायची लाज वाटली. मग हाताशी होतं ते लिहिलं. आम्ही तिला दहावीनंतर पुण्याला होस्टेलमध्ये ठेवायचं ठरवलं होतं. आमच्यात तेव्हा बहुतेकजण मुलांना तसंच पाठवत. बारावी तिकडे, क्लास तिकडे, पुढचं कॉलेजही तिकडेच. फॉर्म भरून तयार होता. तिला मात्र सांगितलं नव्हतं. परीक्षा होऊ दे, मग सांगू, असं आमचं दोघांचं ठरलं होतं. पुण्याच्या नणंदेशी त्याबद्दल फोनवर बोलायचं असलं की मी स्वयंपाकघराचं दार लावून घेत असे. तेव्हा मी पत्रात लिहिलं की माझे आईवडील मला न सांगता होस्टेलला पाठवणार आहेत, त्यामुळे मला भूक लागत नाही. वाचून बघितलं. चांगलं जमलं होतं.

उत्तर दोन दिवसांनी आलं. फोटो मागितला नव्हता, शाळा विचारली नव्हती. हे ओझं एकटीने वाहणं जड जात असेल, असं लिहून पुढे दोन प्रश्न होते. ही गोष्ट तुला आईवडिलांनी सांगितली, की तुला स्वतःला कळली? आणि तुला कळलंय, हे आईला माहीत आहे का? त्याखाली वेगळा परिच्छेद होता. माझी चूक होत असेल तर माफ कर, पण तुझ्या पत्राच्या सुरुवातीला 'रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम, विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट' असं आहे, आणि शेवटी 'काइंडली डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट'. पंधरा वर्षांची मुलं आम्हाला असं लिहीत नाहीत. तुम्ही कुणाच्या आई किंवा वडील असाल आणि काळजीत असाल, तर तेही आम्ही समजू शकतो.

पंधरा वर्षं जनरेटरच्या ऑर्डरी टाइप केल्या त्याचं हे फळ. मी पकडायला गेले आणि मीच पकडले गेले. अंगाचा नुसता तिळपापड झाला. लगेच उलट टाइप केलं की होय, मी आई आहे, माझी मुलगी तुम्हाला काय लिहिते ते मला कळलंच पाहिजे. त्याचं उत्तर तीन ओळींचं आलं. आम्हाला कोण लिहितं आणि कोण लिहीत नाही, हे आम्ही कुणालाच सांगत नाही. तुम्ही तिलाच विचारा. म्हणजे माझ्या पोरीचं मन समुद्रापलीकडच्या एका खडूच्या कानाला ठाऊक, आणि मला नाही!

पण त्यांचा पहिला प्रश्न मनातून जाईना. माझ्या पत्रातल्या खोट्या मुलीला ही गोष्ट कळली तरी कशी? मी तिला ती सहज कळवून टाकली होती, कशी ते ठरवलंच नव्हतं. खऱ्या मुलीला कळायचं म्हटलं तर कपाट उघडावं लागेल. कपाटात पासपोर्टची प्लॅस्टिकची फाइल, आणि तिच्या तळाशी तो फॉर्म.

घरी आल्या आल्या मी कपाट उघडलं. फाइल जागच्या जागी होती. फॉर्मही होता. तो परत ठेवून मी फाइलला रबर चढवायला घेतलं आणि हातातल्या रबराकडे बघत राहिले. आमचं रबर पिवळं होतं, कंपनीतून आणलेलं, इथल्या उन्हाळ्याने कडक झालेलं. हे काळं होतं, केसांना बांधायचं. त्यात एक लांब केसही अडकला होता. जुनं रबर फाइल उघडताना तुटलं असणार, आणि तिने आपल्या वेणीचं काढून लावलं असणार. मधे व्हिसाच्या रिन्यूअलसाठी मी ती फाइल दोनदा काढली होती. कोथिंबिरीची जुडी सोडून बघणारी मी, दोन्ही वेळा हेच काळं रबर काढलं आणि परत चढवलं.

दुसऱ्या दिवशी मी खरंच डोकेदुखीने रजा घेतली. ती शाळेतून आली. तिला वाढलं. तिने पोळीचे बारीक बारीक तुकडे केले आणि ताटाच्या कडेला ठेवले. मी ते रबर तिच्या ताटाशेजारी ठेवलं. एवढी घाबरले होते मी, की आधी काय बोलायचं ठरवलं होतं त्यातलं एक अक्षर आठवेना.

तिने रबराकडे बघितलं. "ओह," म्हणाली.

"कधी बघितलंस?" मी विचारलं.

"डिसेंबर. आय नीडेड माय पासपोर्ट फॉर अ झेरॉक्स."

तेव्हा फेब्रुवारी सरत आला होता.

"आणि त्या लोकांना हेच लिहायचीस?"

ती दचकली. "यू रेड माय मेल्स?"

"नाही. उघडलेच नाहीत. प्रयत्न केला होता." आणि मग मी तिला सगळं सांगितलं, त्या 'रिस्पेक्टेड सर'सकट. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. ताटाकडे बघत राहिली.

"मग काय म्हणाले ते तुला?" मी विचारलं. "माझ्याबद्दल काय म्हणाले?" अजूनही मला तेच हवं होतं बघा, त्यांनी तिला माझ्याविरुद्ध काय भरवलं ते.

"दे सेड, आस्क हर. एव्हरी टाइम. गो अँड आस्क युवर मदर."

"मग विचारलं का नाहीस?"

ती रबर बोटाला गुंडाळत होती. इतका वेळ इंग्रजीत बोलणारी माझी मुलगी मराठीत म्हणाली, "मी त्यांना लिहिलं, विचारायची गरज नाही. आई सांगेल मला. थोडे दिवस थांबूया."