पवार अण्णांचा हौद

पाण्याचा टँकर दारात आला की आमच्या लेआउटमधले, म्हणजे वसाहतीतले, बाकीचे लोक पाइप जोडून घ्यायचे आणि पैसे देऊन मोकळे व्हायचे. पवार अण्णा आधी शिडी चढायचे. वय चौऱ्याहत्तर, लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायांत रबरी चपला आणि हातात खुणा केलेली बांबूची काठी. टँकरचं झाकण उघडून ती काठी तळाला टेकेपर्यंत आत सोडायची, बाहेर काढायची, चष्मा सरकवून ओल कुठवर आली ते बघायचं आणि मगच ड्रायव्हरशी बोलायचं. सहा हजार लिटरच्या टँकरमध्ये साडेपाच हजार भरले, तर पैसेही तेवढ्याचेच. ड्रायव्हर कुरकुरला की अण्णा शांतपणे म्हणायचे, "सरी, मग परत घेऊन जा." एकानंही कधी परत नेलं नाही.

आम्ही पुण्याहून बेंगळुरूला आलो आणि हेब्बाळच्या पलीकडे घर घेतलं, तेव्हा शेजारून मराठी ऐकू आली म्हणून मी हरखून गेले होते. पण ती मराठी वेगळीच. पवारांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. अण्णा "मी सांगितलं" म्हणत नसत, "मी सांगितलो" म्हणत. थोडं थांबा म्हणायचं असेल तर "स्वल्प थांबा", ठीक आहे म्हणायचं असेल तर कानडी "सरी". सुरुवातीला मला हसू यायचं. नंतर सुटीत पुण्याला गेले, की तिथली मराठी कानाला जरा घाईची वाटू लागली.

एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. दुसऱ्यांनी बनवलेले सुटे भाग मोजायचे आणि मापात नसलेले बाजूला टाकायचे, हे काम. निवृत्तीनंतर ती नजर घरी आली. दूधवाल्याचं माप, गवंड्याचा ओळंबा, औषधाच्या बाटलीवरची तारीख, सगळ्यांवर त्यांचा सारखाच संशय. "मापलो नाही तर माझं म्हननं खोटं," हे त्यांचं आवडतं वाक्य. स्वतःवरही ते त्याच नियमानं संशय घ्यायचे. हे माझ्या लक्षात यायला मात्र फार उशीर झाला.

अशा माणसानं घरामागच्या जागेत स्विमिंग पूल बांधायला काढला, तेव्हा सगळा लेआउट चकित झाला. इस्त्रीवाल्याशी एका रुपयावरून बोलणारा हा गृहस्थ आणि पूल? चार फुटांवर कातळ लागला. तो फोडायचं यंत्र तासावर भाड्यानं आणलं आणि आठवडाभर आमच्या खिडक्या थरथरत राहिल्या. त्या काळात माझ्या नवऱ्यालाही पुलाची हौस आली होती. त्यानं अण्णांना खर्च विचारला, आणि अण्णांनी त्याला दीड तास ओट्यावर बसवून ठेवलं.

वीस बाय दहाचा, चार फूट पाण्याचा. ते त्याला हौदच म्हणायचे. कंत्राटदारानं बारा लाख सांगितले होते, गेले एकोणीस. कातळाचे वेगळे, पाणी न झिरपण्यासाठीच्या लेपाचे वेगळे. फरशी घसरडी निघाली म्हणून ती उखडून खरबरीत बसवली, तिचे वेगळे. पंप, वाळूचं फिल्टर, आतला दिवा. हे बांधण्याचं झालं. मग दर महिन्याला क्लोरीन, आम्ल, पंपाची वीज, गाळ काढणारा माणूस. दोन-तीन वर्षांनी फिल्टरची वाळू बदलायची. "बांधतानाचा खर्च म्हनजे पाहुना," अण्णा म्हणाले, "आन राखतानाचा खर्च म्हनजे जावई. तो दर महिन्याला मान मागतो." नवऱ्याची हौस तिथंच फिटली. पण इतकं सगळं ठाऊक असलेल्या माणसानं हौद बांधलाच कशाला, हे आमच्यापैकी कुणी त्यांना विचारलं नाही.

विचारण्याऐवजी आम्ही तर्क केले. हौदाभोवती उंच हिरवं कापड ताणलं होतं. रोज सकाळी अकराला मागचं फाटक आतून बंद व्हायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी एक तरुण बाई पाठीला बॅग लावून स्कूटरवर यायची आणि तासाभरानं ओल्या केसांनी परत जायची. आमच्या समितीचे खजिनदार नंजुंडय्या यांचं म्हणणं, अण्णा पोहण्याचे वर्ग चालवतात. कुणी म्हणे, पैसा कुठला तेच बघायला हवं. अण्णांच्या पत्नी, गिरिजक्का, पूर्वी संक्रांतीला घरोघर तीळ वाटायच्या, त्या बाहेर दिसेनाशा झाल्या होत्या. रक्तदाबाचा त्रास आहे, एवढंच अण्णा सांगायचे. मी दोनदा भेटायला गेले, तेव्हा अण्णांनी मला दारातच कॉफी दिली. घरात घेतलं नाही. मला ते खटकलं आणि मनात राहिलं.

मग तो उन्हाळा आला. लेआउटची एक बोअरवेल आटली, दुसरीतून लाल गाळ येऊ लागला. टँकरचा भाव दुप्पट झाला आणि दुप्पट देऊनही तीन-तीन दिवस टँकर मिळेना. लोक ऑफिसात जाऊन आंघोळ करू लागले. त्या वर्षी मी समितीची सेक्रेटरी होते. बैठकीत पहिलं नाव निघालं ते पवारांचं. आमच्या घशाला कोरड आणि त्यांच्या दारी तलाव! नंजुंडय्यांना तर खात्री होती, की अण्णांनी कॉमन लाइनला गुपचूप जोड दिलाय. तपासाचं काम माझ्याकडे आलं. खरं सांगायचं तर मी ते आनंदानं घेतलं.

मी गेले, तेव्हा अण्णा जणू वाटच बघत होते. त्यांनी स्वतःहून फाटक उघडलं. नळाची प्रत्येक जोडणी दाखवली, झाकणं उघडून दाखवली. कॉमन लाइनला कुठंही जोड नव्हता. हौदाचं सगळं पाणी विकतचं, पावत्या तारखेवार लावलेल्या. मी हौदाकडे पाहिलं. पाण्यात लांबीभर दोन समांतर स्टीलच्या दांड्या बसवलेल्या होत्या. हा थाट केवढ्याला पडला असेल, एवढंच माझ्या मनात आलं.

हौदाच्या पायरीवर पाण्यानं भरलेली एक बादली ठेवली होती. ती कशाला, असं मी विचारलं. उन्हानं बादलीतलं पाणी जेवढं उतरेल तेवढंच हौदाचंही उतरायला पाहिजे, ते म्हणाले. हौदाचं जास्त उतरलं, तर तेवढी गळती. त्यांनी वही पुढं केली. दोन महिन्यांचे आकडे होते. हौद रोज अर्धा इंच जास्त उतरत होता, म्हणजे दिवसाला सव्वादोनशे-अडीचशे लिटर पाणी जमिनीत जात होतं. कंत्राटदार दुरुस्तीचे अडीच लाख मागत होता आणि गळती कुठं आहे तेही सांगत नव्हता.

हे त्यांनी लपवलं असतं, तर मला कधीच कळलं नसतं. पण तेव्हा मला त्यात प्रामाणिकपणा दिसला नाही. हातात पुरावा आला, एवढंच दिसलं.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मी ते आकडे वाचून दाखवले. गळणारा हौद टँकरनं भरत राहणं चालणार नाही, तो रिकामा करावा, पाणी लेआउटला वापरायला द्यावं, असा ठराव मीच मांडला. अण्णा मागच्या खुर्चीत बसले होते. ते उठले आणि म्हणाले, की ठराव बरोबर आहे, आपण आणलेला टँकर म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी हुकलेला टँकर. मग स्वल्प थांबून त्यांनी एकच गोष्ट मागितली.

"आठ दिवस द्या."

"कशासाठी?" मी विचारलं.

"घरचं काम आहे."

नंजुंडय्यांनी माझ्याकडे पाहिलं. आठ दिवसांत हे काहीतरी उलटसुलट करतील, पाणी विकतील, नाहीतर वरून ओळख लावतील, असं आम्हा दोघांच्याही मनात आलं. मी म्हणाले, "अण्णा, लोकांना आज पाणी नाही. आठ दिवस जमणार नाही."

ते "सरी," म्हणाले आणि खाली बसले.

सकाळी त्यांनी स्वतः पंप लावला. लोक ड्रम, बादल्या, पिंपं घेऊन रांगेत उभे राहिले. संडासाला, फरशी पुसायला ते पाणी चार-पाच दिवस पुरलं. मागच्या दारात चाकांच्या खुर्चीवर गिरिजक्का बसल्या होत्या. मी त्यांना जवळजवळ दोन वर्षांनी पाहत होते. एक हात मांडीवर निपचित पडलेला, तोंडाची एक बाजू उतरलेली. त्या उतरणाऱ्या पाण्याकडे बघत होत्या. मी नजर वळवली आणि रांग सरळ करायच्या निमित्तानं पुढं गेले.

शुक्रवारी ती स्कूटरवाली बाई आली, रिकामा हौद पाहून परत फिरली आणि माझ्या फाटकाशी थांबली. ती फिजिओथेरपिस्ट होती. माझ्याशी हिंदीत बोलली. अक्कांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, जमिनीवर त्यांना उभंही राहता येत नव्हतं. पाण्यात शरीराचा भार हलका होतो, म्हणून आधी एका हॉस्पिटलच्या स्विमिंग पूलमध्ये न्यायचे. पण गाडीत चढवताना त्या दोनदा पडल्या. तेव्हा अण्णांनी घरी हौद बांधला. दांड्या धरून अक्का आता पाण्यात अठरा पावलं चालत होत्या. कॅनडातली मुलगी पुढच्या आठवड्यात येणार होती. तिनं आईला शेवटचं पाहिलं होतं ते हॉस्पिटलच्या खाटेवर. आईला चालताना तिला दाखवायचं, असं अक्कांनी ठरवलं होतं. कुणी घरी येऊन हळहळू नये, म्हणून त्यांनी आजाराबद्दल बोलायलाच बंदी केली होती.

मी तशीच अण्णांकडे गेले. आधी का सांगितलं नाहीत, असं विचारलं. मला वाटतं, माझा आवाज चढला होता. जणू चूक त्यांचीच होती.

"तुम्ही पाण्याचं विचारलात," ते म्हणाले. "मी पाण्याचं सांगितलो."

नंतरचे चार दिवस मी टँकरवाल्यांना फोन करत राहिले. हौदाला चार टँकर लागायचे. कसाबसा एक मिळाला. अण्णा शिडी चढले, काठी घालून मापलं, आणि ड्रायव्हरला तो कॉमन टाकीत सोडायला सांगितलं. मुलगी आली, बारा दिवस राहिली. संध्याकाळी ती आईची खुर्ची ढकलत आमच्या गल्लीतून फिरवायची. मी पडद्याआडून बघायची आणि बाहेर जायचं धाडस करायची नाही.

पाऊस झाला, बोअरवेलला पाणी आलं. अण्णांनी हौद पुन्हा भरला आणि गळती स्वतः शोधून काढली. आतल्या दिव्याजवळ शाईचे थेंब सोडले, तेव्हा शाई दिव्यामागच्या फटीत ओढली गेली. कंत्राटदाराच्या अडीच लाखांचं काम चार हजारांत झालं. त्यांनी मला मुद्दाम बोलावून ती फट दाखवली. "पानी आन कंत्राटदार, दोघंबी फट शोधत असतात," ते म्हणाले. त्यावर आम्ही दोघं हसलो. त्या उन्हाळ्यानंतर आम्ही एकत्र हसलो ते तेव्हाच.

एका सकाळी त्यांनी मला अकराच्या आत यायला सांगितलं. हातात फोन दिला. पलीकडे कॅनडात मुलगी होती. गिरिजक्का दांड्या धरून पाण्यात उभ्या होत्या, फिजिओ मागं, अण्णा छातीभर पाण्यात समोर. पाच महिन्यांच्या खंडानं अक्कांचे पाय सुकले होते. एक, दोन, तीन. सहाव्या पावलाला त्या थांबल्या आणि अण्णांनी त्यांना धरलं. मुलगी विचारत होती, किती झाली? मी म्हणाले, "आठ-दहा तरी."

"सहा," अण्णा पाण्यातून म्हणाले. "वाढवून सांगू नका, सेक्रेटरीबाई. तिला पुढच्या वेळी मापायला लागतं."

दिवाळीनंतर अण्णा गेले. सकाळी कॉफी घेताघेता, खुर्चीतच. मुलगी आली, घर विकायचं ठरलं, आईला ती सोबत नेणार होती. जायच्या आदल्या दिवशी मी गिरिजक्कांना भेटायला गेले. या वेळी त्यांनी मला आत बोलावलं, शेजारी बसवलं. अण्णांबद्दल त्या सावकाश बोलत होत्या, जिभेला शब्द जड जात होते. आयुष्यभर त्यांनी सगळ्यांवर संशय घेतला, पण बोलले ते मापून, खरं, असं म्हणाल्या.

"आता तोच हौद बघा," त्या म्हणाल्या. "लेक यायची होती, तरी रिकामा केले. गळती जास्त झालीय, भिंतीला धोका आहे, थांबता येत नाही म्हटले. मी खूप रागावलो त्यांच्यावर. महिनाभर नीट बोललो नाही."

भिंतीला कसलाही धोका नव्हता. अण्णांनी तिथं खोटं सांगितलं होतं, आणि महिनाभराचा तो राग, जो माझ्या वाट्याला यायला हवा होता, स्वतःवर घेतला होता.

गप्प राहणं सोपं होतं. उद्या त्या जाणारच होत्या. पण मी सांगितलं. ठराव माझा होता, अण्णांनी आठ दिवस मागितले होते आणि मी नाही म्हणाले होते, हे सगळं, काही न वगळता.

गिरिजक्का बरा असलेला हात मांडीवरच्या दुसऱ्या हातावर ठेवून खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मग म्हणाल्या, "आठ दिवस थांबला असता तर बरं झालं असतं."

मी हो म्हणाले.