हीटरमधून गार वारा

युसुफभाईंची गाडी टोचन होऊन, म्हणजे दुसऱ्या गाडीला बांधून ओढत, वर्कशॉपच्या दारात आली आणि बॉनेट उघडायच्या आधीच विलासशेठनी निकाल देऊन टाकला.

"हेड गॅस्केट गेलंय. आजच इंजिन उतरवायला घ्या."

विलासशेठ आमचे मालक, शेलार गावचे. मी त्यांच्याकडे फ्लोअर इनचार्ज आहे. कुठलं काम कुणाला द्यायचं ते ठरवायचं, झालेलं काम तपासायचं, जॉब कार्डवर सही करायची आणि मगच गाडी सोडायची, ही माझी ड्युटी. ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केला तेव्हा दिघाशीला आमच्या घरी सगळ्यांना वाटलं होतं की मुलगी ऑफिसात बसणार. बारा वर्षं झाली, अजून फ्लोअरवरच उभी आहे.

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा भाग यांच्यामध्ये बसवलेली पातळ पट्टी. ती फाटली की इंजिनातला गॅस थंड करणाऱ्या पाण्यात शिरतो आणि गाडी तापते. ती बदलायची म्हणजे इंजिन खोलायचं. चार दिवस तरी गाडी उभी.

चार दिवस युसुफभाईंना परवडणारे नव्हते. ते एकेकाळचे लूमवाले, कापडाचे माग चालवणारे. आता कारखाना बंद केलाय. त्यांची बायको सकीनाबी आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी ठाण्याला जाते. त्या दिवशी मंगळवार होता. सोमवारी जाताना कशेळीच्या पुलावर गाडीचा टेम्परेचरचा काटा लाल रेषेवर गेला. युसुफभाईंनी तिथल्या तिथे गाडी बंद केली आणि बायकोला रिक्षात बसवून हॉस्पिटल गाठलं. पुढची पाळी बुधवारी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी.

"भाड्याची गाडी करा ना चार दिवस," विलासशेठ म्हणाले.

"केली होती एकदा," युसुफभाई म्हणाले. "येताना हिला उलट्या होतात, शेठ. ड्रायव्हर कुरकुरत होता. तो काय बोलला ते मला कळलं, हिलाही कळलं. आता ही दुसऱ्याच्या गाडीत बसायला राजी नाही."

सकीनाबी पंख्याखालच्या खुर्चीत बसल्या होत्या. घरी त्यांच्याजवळ कुणी नव्हतं म्हणून युसुफभाई त्यांना सोबतच घेऊन आले होते. मे महिना असून त्यांच्या अंगावर शाल होती.

मी जुनं जॉब कार्ड काढलं. सहा दिवसांपूर्वी ही गाडी आमच्याकडेच आली होती. रेडिएटरचा खालचा होज, म्हणजे पाणी नेणारा जाड रबरी पाईप, गळत होता. रामअवध मिस्त्रींनी तो बदलला, नवीन कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, भरलं. खाली माझी सही होती. त्या दिवशी फ्लोअरवर नऊ गाड्या होत्या. मी काटा मधोमध पाहिला आणि सही केली, एवढंच मला आठवत होतं.

आपल्या हातून गेलेली गाडी आठवड्याच्या आत टोचन होऊन परत आली, की आधी स्वतःचं काम तपासायचं असतं.

"युसुफभाई, काटा कसा वर जायचा? हळूहळू?"

"नाही मॅडम. एकदम वर. मग कधी आपोआप खाली पण यायचा."

"आणि काही आवाज यायचा?"

युसुफभाईंनी मान हलवली. त्यांना कमी ऐकू येतं. उत्तर सकीनाबींनी दिलं.

"माझ्या पायाजवळ येतो ना. हंड्यात पाणी हिंदळावं तसा. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, तुझ्या कानात आहे."

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. "कधीपासून?"

"पाईप बदलला तेव्हापासून. आणि हीटर पण गेला. डायलिसिस झालं की मला फार थंडी वाजते. येताना हे हीटर लावतात, उन्हाळ्यात सुद्धा. मागल्या आठवड्यापासून त्याच्यातून गारच वारा येतो. मी म्हटलं, जाऊ दे, इंजिन तापलंय, त्यात हीटरचं कुठे सांगायचं."

तापलेल्या गाडीच्या हीटरमधून गार वारा. हे ऐकल्यावर मी उठलेच.

गाडीच्या हीटरला वेगळी शेगडी नसते. इंजिनातलं गरम पाणी डॅशबोर्डमागच्या एका छोट्या जाळीतून फिरतं आणि त्या जाळीवरून येणारी हवा आत लागते. इंजिन तापलेलं आणि हीटर गार, म्हणजे त्या जाळीत पाणीच पोचत नाही. तिथे हवा अडकलीय. पंप पाणी ढकलतो, हवा त्याला ढकलता येत नाही. मग पाणी फिरायचं थांबतं आणि इंजिन तापतं. आम्ही याला एअर लॉक म्हणतो.

मी डिपस्टिक काढून ऑईल पाहिलं. गॅस्केट फाटून पाणी ऑईलमध्ये गेलं तर ते दुधाच्या चहासारखं दिसतं. हे तसं नव्हतं. पण तेवढ्यावरून गॅस्केट शाबूत आहे असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

"शेठ, मला दोन तास द्या. हवा काढून बघते."

विलासशेठ मला बाजूला घेऊन गेले. "हवा हाय म्हणजे आपण नीट भरलं न्हाय, असंच झालं ना? गिऱ्हाईकाला काय सांगणार?"

"तेच."

"सांगायची गरज न्हाय. हवा निघाली तर निघाली, गाडी देऊन टाकू."

मी परत आले तर युसुफभाईंनी सरळच विचारलं, "मॅडम, पाईप बदलला तेव्हा काही राहिलं का?"

"तसंच वाटतंय. तपासून गाडी सोडणारी मी होते. माझ्याकडून राहिलं."

माणूस ओरडला की उत्तर देता येतं. ते ओरडले नाहीत. सकीनाबीच म्हणाल्या, "मग आता बघा नीट."

इंजिन थंड होतं, त्यामुळे रेडिएटरचं झाकण उघडता आलं. गरम इंजिनाचं ते झाकण कधीही उघडू नये, उकळतं पाणी तोंडावर येतं. पुढची दोन्ही चाकं रॅम्पवर चढवली. हवा उंच जागी जाते, म्हणून रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच हवं. हीटर फुल गरमवर ठेवला, म्हणजे जाळीची वाट उघडी राहते. इंजिन सुरू केलं. मी कुलंट ओतत होते, मिस्त्री वरचा होज दाबत-सोडत होते. बुडबुडे यायला लागले.

हवा अडकली असेल तर बुडबुडे थोड्या वेळाने संपतात. गॅस्केट फाटलं असेल तर ते संपत नाहीत, कारण इंजिन आतून गॅस सोडतच राहतं. म्हणून बघत थांबायचं.

पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. बुडबुडे चालूच. हीटरमधून गारच वारा.

रामअवध मिस्त्रींनी हात पुसले. "मॅडम, ये रुकने वाला नहीं है. गॅस्केट ही है."

विलासशेठ केबिनच्या दारातून बघत होते. सकीनाबींनी डोळे मिटले होते. मला वाटलं, आपली चूक शोधायच्या नादात मी यांचा वेळ घालवला.

मी इंजिन बंद करायला लावलं आणि मोबाईलवर त्या मॉडेलचं मॅन्युअल उघडलं. हे सहा दिवसांपूर्वीच करायला हवं होतं. त्यात दिसलं की हीटरकडे जाणाऱ्या पाईपवर हवा काढायचा एक स्क्रू आहे. तो एअर फिल्टरच्या डब्याखाली दडलेला, वरून दिसतच नाही. मिस्त्रींनी तीस वर्षं गाड्या केल्या आहेत, पण हे मॉडेल त्यांच्या हाताखाली पहिल्यांदाच आलं होतं. माझ्याही.

इंजिन निवल्यावर डबा काढला. प्लास्टिकचा बोटाएवढा स्क्रू, वर धूळ. फडका धरून मी तो हळूहळू सैल केला. आधी काहीच नाही. मग फुस्स करून हवा सुटली आणि सुटतच राहिली. पुढून मिस्त्री कुलंट ओतत होते. हवा, मग थुंकल्यासारखं थोडं पाणी, पुन्हा हवा. शेवटी एकसारखी हिरवी धार लागली. मी स्क्रू आवळला. तोपर्यंत पाऊण लिटर कुलंट आत गेलं होतं. एवढी जागा सहा दिवस रिकामी होती.

डबा बसवून पुन्हा इंजिन सुरू केलं. थोड्या वेळाने थर्मोस्टॅट उघडला. ही एक झडप असते, इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवते. ती उघडताच पातळी झपकन खाली गेली. मिस्त्रींनी भरून घेतलं. दोन-चार बुडबुडे आले आणि थांबले. मी मनातल्या मनात शंभर आकडे मोजले. पाणी सपाट होतं.

झाकण लावलं. काटा मध्यावर येऊन थांबला, रेडिएटरचा फॅन लागला, बंद झाला, पुन्हा लागला.

मी सकीनाबींना हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं. त्यांनी डॅशबोर्डवरच्या हवेच्या झरोक्यापुढे तळहात धरला.

"गरम आहे," त्या म्हणाल्या, आणि हात तसाच ठेवला.

ट्रायलला मी गाडी वळ गावच्या गोदामांकडे नेली. कंटेनरच्या मागे रांगत जायला लागलं की कूलिंग कच्चं असलेली गाडी लगेच तापते. पाऊण तास रांगले. काटा हलला नाही. रामअवध मिस्त्री शेजारी बसून पूर्ण वेळ काट्याकडेच बघत होते. परत आल्यावर विलासशेठ युसुफभाईंना म्हणाले, "चूक आमची होती, चाचा. आमच्याकडून राहून गेलं." त्यांना हे कुणी बोलायला सांगितलं नव्हतं.

बुधवारी दुपारी युसुफभाईंचा फोन आला. ठाण्याला वेळेत पोचले होते. तक्रार एकच होती, हीटरमुळे त्यांना स्वतःला घाम फुटतोय आणि बायको बंद करू देत नाही.

त्यानंतर मी कूलिंगच्या प्रत्येक कामाआधी त्या मॉडेलचं मॅन्युअल उघडते, कितीही ओळखीची गाडी असली तरी. आणि काम झाल्यावर नुसता काटा बघून सही करत नाही. कुलंट ओतलं म्हणजे ते सगळीकडे पोचलं असं नसतं. हे शिकायला मला बारा वर्षं आणि एक टोचन लागलं.