वहिनींचा जुम्मा दरवाजा

वहिनी गेल्याची तार मुंबईत माझ्या हाती पडली ती दोन दिवस उशिरा. मी बिऱ्हाड बदललं होतं आणि नवा पत्ता त्यांना कळवायचा राहून गेला होता... राहून गेला म्हणजे मी कळवला नव्हता. नागपूरला पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. वसतिगृहातल्या बायकांनीच केलं. त्याला आता दीड महिना होईल. गेलेल्या माणसाविषयी लिहिताना लिहिणाराही थोडा उजळून निघतो, असं मी पाहिलं आहे. इथं तसं होणार नाही.

सुभद्रावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. आम्ही पाचपावलीतले कोष्टी. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्याच वर्षी भाऊ तापानं गेला, माग थांबला आणि वहिनी सदर भागातल्या मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला लागल्या. माझं कॉलेज त्यांनीच पुरं केलं. तिथल्या म्हाताऱ्या परदेशी सिस्टरनं त्यांना पाव, बिस्किटं, केक भाजायला शिकवलं. सिस्टर मायदेशी परतल्यावर भट्टी वहिनींकडे आली. भट्टीच्या तोंडाशी क्षणभर हात धरून त्या आच जोखायच्या आणि सांगायच्या, "अजून नाही आली."

राजधानी नागपुरातून गेली त्याच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. सिव्हिल लाइन्समधल्या एका महिला मंडळानं नाताळच्या सुट्टीत स्पर्धा ठेवली होती. गावातली एखादी जुनी इमारत केकमधून उभी करायची. पहिली येईल तिला मंडळाच्या नव्या पाकशास्त्राच्या वर्गावर शिक्षिका नेमणार होते. वहिनींनी हे ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी मला घेऊन महाल भागातल्या जुन्या जुम्मा दरवाज्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. भावाच्या मागाचा उरलेला दोरा त्यांनी बरोबर घेतला होता. तो मापासाठी कमानीपुढे ताणून धरायच्या, गाठ मारायच्या, पुन्हा ताणायच्या. टांगेवाले हसत होते. वहिनींचं लक्ष नव्हतं. पुढचे आठ दिवस दुपारी वसतिगृहातलं काम आटोपलं की त्या भट्टीशी बसायच्या. कमान चार वेळा मोडली. पाचव्यांदा उभी राहिली. जळक्या साखरेनं दगडाचा रंग आणला, आत संत्र्याची साल किसून घातली. इतक्या खुशीत मी त्यांना भाऊ असतानाच पाहिलं होतं.

मी तेव्हा सचिवालयात तात्पुरता कारकून होतो. स्पर्धेच्या सकाळी सुपरिंटेंडेंटसाहेबांनी मला बंगल्यावर बोलावलं. त्यांच्या पत्नीचा केक बसला होता. त्या स्पर्धेत उतरणार हे पाहुण्यांना तर आधीच सांगून झालेलं, आता बाई रडत होत्या. तुमच्याकडे काही होत आहे म्हणे, एवढंच साहेब म्हणाले. समोर टेबलावर मला कायम करण्याची फाईल होती आणि तिच्यावर त्यांचा हात. त्या फाईलविषयी ते एक शब्दही बोलले नाहीत.

मी वसतिगृहात जाऊन वहिनींना सगळं सांगितलं. त्या केकवरून मऊ फडक्यानं साखरेची पूड टिपत होत्या. हात थांबला.

"तुम्हाले पक्कं करतीन ना?"

"करतील."

"मंग घेऊन जा."

त्या संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये येतील असं मला वाटलं नव्हतं. पण आल्या. धुतलेलं लुगडं नेसून मागच्या भिंतीशी उभ्या राहिल्या. जुम्मा दरवाजा मधल्या टेबलावर होता, समोर साहेबांच्या पत्नीच्या नावाची चिठ्ठी. परीक्षक बाईंनी मोठ्या कौतुकानं विचारलं, की एवढी कमान खाली टेकू नसताना उभी कशी राहिली? साहेबांच्या पत्नीला सांगता येईना. त्या माझ्याकडे पाहू लागल्या. तेवढ्यात मागून वहिनींचा आवाज आला, "कच्ची असतानीच पालथ्या भांड्यावर, गोल गंजावर घालून भाजली. थंडी झाल्यावर काढली." सगळे वळले. ह्या कोण, असं परीक्षक बाईंनी विचारलं. साहेब माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "ह्या साहेबांच्या घरी कामाला असतात."

बक्षीस साहेबांच्या पत्नीला मिळालं. नोकरीची त्यांना गरज नव्हती, म्हणून ती जागा दुसऱ्या नंबरच्या बाईंना दिली.

परतताना टांग्यात वहिनी म्हणाल्या, "केक त मीच देला, भाऊजी. त्याचं काही नाही. पण ओळख काहून नाही देली?"

मी काहीतरी सांगितलं... साहेबांचं, नोकरीचं. त्यांनी मान हलवली आणि पुढं सहा वर्षं, अगदी जाईपर्यंत, त्यांनी हा विषय काढला नाही. मीही काढला नाही. महिन्याभरात मला कायमचा हुकूम मिळाला. राज्यं बदलली तेव्हा साहेब भोपाळला गेले, मी मुंबईला. वहिनींना चला म्हटलं, तर नको म्हणाल्या. वसतिगृहातल्या पोरींचं कोण करील, असं विचारलं. मी फारसा आग्रह केला नाही, हेही लिहून टाकतो.

तार आल्यावर गेलो तेव्हा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात यमुनाबाई भेटल्या. आता भट्टी त्यांच्याकडे आहे. नुकतेच काढलेले पाव फळीवर निवत होते आणि प्रत्येकाच्या पाठीवर काहीतरी कोरलेलं होतं... एक 'य', एक 'स', एक नुसतीच फुली. हे काय, मी विचारलं.

"ज्या बाईनं मळला, तिची खूण. सुभद्राबाईनंच सुरू केलं हे, पाच-सहा वर्सं झाले. मले लिहिता येत नव्हतं, त एवढा 'य' शिकवला. म्हणे, आपल्या हातचं आहे, त आपलं नाव पायजेच."

आणि वहिनींची खूण कुठली होती?

"त्या सोताच्या पावावर काहीच काढत नव्हत्या. तुमचीबी काढा म्हून लय डाव म्हटलं, त हसत. बिनखुणेचा निघाला का समजायचं, हा बाईचा."

यमुनाबाई पुढचा घाणा लावायला वळल्या. मी फळीवरचे पाव एकेक करून पाहिले. सगळ्यांवर खुणा होत्या.