हवेतलं वेल्डिंग

टपरीवर चार जण जमले की कुणीतरी म्हणतंच, "ए, सेंटरचं सांग ना काहीतरी." तीनच महिने होतो मी तिथे. पण सांगायला बसलो की चहा संपतो, किस्से संपत नाहीत.

विक्रोळीत दोन खोल्यांमध्ये वेल्डिंगचं सरकारी ट्रेनिंग. मी एसवायला कॉलेज सोडलं म्हणून पप्पांनी मला तिथे नेऊन टाकलं. शेजारी बसायचे कांबळे काका. वय पन्नास, बावीस वर्षं फॅक्टरीत वेल्डर. फॅक्टरी बंद पडली. कांजूरमार्गच्या एका कंत्राटदाराने त्यांच्या हातचं काम बघितलं, खूश झाला आणि म्हणाला, "तीन महिन्यांनी नवीन साइट सुरू होतेय. तोवर सर्टिफिकेट आणा, नाहीतर दुसरा बघतो." म्हणून बावीस वर्षांचा वेल्डर वेल्डिंग शिकायला आला. नवी वही घेऊन.

* * *

सेंटरला मशीन होतं, एकदम कोरं. त्याला लागायची थ्री-फेज लाइन आणि खोलीत सिंगल-फेज. त्यामुळे सेंटरचे प्रमुख मोरे सर वेल्डिंग खडूने शिकवायचे. दसऱ्याला मात्र मशीनला झेंडूचा हार, हळदकुंकू, पेढा, सगळं.

मी विचारलं, "सर, हे चालू कधी होणार?"

"पूजेच्या दिवशी असं वाईट बोलू नये."

* * *

एकदा इंटरव्ह्यू कसा द्यायचा ते शिकवायला एक मॅडम आल्या. काकांना उभं केलं. "तुमचा वीकनेस सांगा."

"उजवा गुडघा, मॅडम."

मॅडमनी कागदावर लिहिलं, आत्मविश्वास कमी.

* * *

भिंतीवर करिअरचा तक्ता होता. हेल्पर, वेल्डर, सुपरवायझर, मॅनेजर, आणि मधे वर जाणारे लाल बाण. मग सर आम्हाला रोजगार मेळाव्याला घेऊन गेले. तिथे सगळ्यांना एकच ऑफर, मॉलमध्ये सिक्युरिटी गार्ड.

"सर, आपल्या तक्त्यात गार्ड कुठे येतो?"

"गेटवर," सर म्हणाले.

घरी सांगितलं तर पप्पा म्हणाले, "सरकारने विचार करूनच केलं असेल." टीव्हीवर अधिकारी दिसला तरी पाय खाली घेऊन बसणारा माणूस. त्यांच्याकडून दुसरं काय ऐकणार?

* * *

परीक्षेला बाहेरून एक साहेब आले, हातात टॅब. मशीन चालत नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग हवेत करून दाखवा."

काकांनी खिशातलं पेन काढलं आणि हवेत इतका सरळ, संथ जॉइंट मारला की ठिणग्या दिसायच्याच बाकी होत्या. साहेबांनी टॅबवर बोट टेकवलं. "नापास. गॉगल घातला नाही."

"पेनाने डोळे जळतात काय?" मी ओरडलो.

काकांनी माझा हात दाबला आणि साहेबांना म्हणाले, "चुकलं साहेब."

माझं डोकंच फिरलं. ह्या पिढीची हीच तर बोंब आहे. समोरच्याकडे टॅब आहे ना, मग माफी आपणच मागायची. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. कंत्राटदार थोडाच थांबणार होता?

मी पास झालो. माझ्याकडे फुटपाथवर घेतलेला काळा गॉगल होता.

* * *

पुढच्याच आठवड्यात तपासणी. वरचे मोठे साहेब अकराला येणार आणि दहाला सेंटरचं लोखंडी गेट बिजागरीतून तुटून आडवं झालं. सर्टिफिकेट मिळालेले आम्ही अकरा जण तिथेच उभे होतो. सरांनी आमच्याकडे बघितलं आणि फोन काकांना लावला.

काका आले. तोवर सरांनी कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्याचं छोटं मशीन आणून ठेवलं होतं. आम्ही गेट उचलून जागेवर धरलं.

"कांबळे, तुमच्या हाताला तोड नाही," सर म्हणाले. "पाच मिनिटांत करा."

"होय सर." मग माझ्याकडे वळून, "तुझा गॉगल दे रे."

मी दिला. मनात म्हटलं, घ्या, वाका परत.

काकांनी गॉगल चढवला. उजवा गुडघा सांभाळत खाली बसले. मशीनकडे बघितलंसुद्धा नाही. खिशातलं पेन काढलं आणि बिजागरीवरून वरपासून खालपर्यंत फिरवलं, सरळ, संथ, अजिबात घाई नाही.

कोपऱ्यावर गाडीचा हॉर्न वाजला.

काका उठले, पेन खिशाला लावलं.

"झालं सर. ह्या वेळी गॉगल घातलाय."