विचारून करणारे दादा

बिघडल्यावर माझ्याकडे सगळेच यायचे. बिघडायच्या आधी येणारा माणूस मी एकच पाहिला.

अंबडमधल्या एका ट्रकच्या वर्कशॉपमध्ये मी वॉरंटीच्या टेबलावर बसते. नव्या गाडीत काही बिघडलं, तर तो खर्च कंपनीने करायचा की मालकाने, याचे कागद तयार करायचे, एवढंच माझं काम. समोर येणारा माणूस एकतर चिडलेला असतो नाहीतर हात जोडून उभा असतो. दोन्हींची आता सवय झाली आहे. दादा मात्र गाडी ठणठणीत असताना यायचे. पांढरा शर्ट, पायात टायरच्या तळव्याच्या चपला आणि हातात गाडीसोबत मिळालेलं वॉरंटीचं पुस्तक. माझ्यापुढची गर्दी ओसरेपर्यंत बाकावर बसून राहायचे आणि मग म्हणायचे, "मॅडम, एक इचारायचं होतं. यवढं केलं तर चालंल का?"

वर्कशॉपमधले मेकॅनिक त्यांना पाठीमागे 'चालंल का' म्हणत. "मॅडम, तुमचे 'चालंल का' आले," असा निरोप यायचा. मी त्यांना दादा म्हणायचे. वयाने माझ्या वडिलांच्या जवळचे असतील, पण काका म्हणावं असं कधी तोंडात आलं नाही.

दादा चांदवडकडचे. वीसेक वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, मग जुनी गाडी घेऊन स्वतःची चालवली आणि पन्नाशी ओलांडल्यावर हा पहिला नवा ट्रक घेतला. कांदा भरायचा आणि इंदूर, नागपूर, जिथला माल मिळेल तिथे जायचं. वॉरंटीचं पुस्तक इंग्रजीत होतं. ते त्यांनी गावातल्या मास्तरांकडून दोन रविवार बसून वाचून घेतलं होतं. कळलं तिथे पेन्सिलीची खूण, नाही कळलं तिथे पानाचा कोपरा दुमडलेला. दुमडलेले कोपरे माझ्या वाट्याचे. "हितं लिव्हलंय, परवानगीबिगर बदल केला तर जबाबदारी नाय. बदल म्हंजे काय काय धरायचं?" मला सुरुवातीला त्यांचा वैताग यायचा. खरं कारण हे की ते पुस्तक मी स्वतः पूर्ण वाचलेलं नव्हतं. दादांच्या धाकाने मला ते वाचावं लागलं.

मला वाटलं होतं, सगळ्यांसारखे जादा दिवे, मोठा हॉर्न, आरशांभोवती स्टीलच्या पट्ट्या, असलं काही करायचं असेल. मग एकदा ते बायकोला घेऊन आले. मावशींच्या अंगावरून वारं गेलं होतं. डावा हात आणि डावा पाय जेमतेम कामापुरता चालत होता. एकुलती मुलगी सटाण्याकडे दिलेली. दादा गाडी घेऊन निघाले की घरात मावशींकडे बघायला कोणी नाही.

"घरी ठेवली तर माझं ध्यान रस्त्यावर राहत नाय," दादा म्हणाले. "संगं न्यावं तर तिला चढता येत नाय. हे बघा."

आणि त्यांनी दाखवलं. त्या ट्रकची पहिली पायरी जवळजवळ माझ्या कमरेइतकी उंच होती. दादांनी खाली प्लास्टिकचं स्टूल ठेवलं, मावशींना त्यावर उभं केलं आणि मागून काखेत हात घालून वर ढकललं. दोनदा पाय घसरला. तिसऱ्या वेळी त्या सीटवर पोहोचल्या. हातातली कामं सोडून मेकॅनिक बघत उभे होते. मावशींनी सगळा वेळ तोंड पलीकडच्या भिंतीकडे केलं होतं. दादा घाम पुसत माझ्याकडे आले. "दिवसातून चार-पाच येळा असं करावं लागतं. धाबा म्हना, पंप म्हना, मान्सं बघत राहतात. तिला ते बरं वाटत नाय."

त्यांना हवं होतं ते फार नव्हतं. खाली दोन जादा पायऱ्या, धरायला एक दांडा आणि मागच्या झोपायच्या फळीवर एक पंखा, कारण मावशींना उकाडा सहन होत नसे. वर्कशॉपबाहेरच्या रस्त्यावर कोणत्याही वेल्डिंगवाल्याने हे काम दुपारभरात करून दिलं असतं. मी तसं म्हटलंही. "सगळेच करतात की, दादा."

"करतात," ते म्हणाले. "पन त्यांना दुसरी गाडी घेता येती. माझी ही शेवटची. हिच्यात काय मोठं निघालं आन् कंपनीनं हात वर केले, तर मी कुठं जाऊ?"

मग त्यांचे आठवड्याला एक असे प्रश्न सुरू झाले. चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, वेल्डिंग केलं तर चालंल का? नाही. भोक पाडलं तर? नाही. पुढच्या खेपेला त्यांनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर चित्र काढून आणलं. कंपनीनेच चेसिसमध्ये काही भोकं मोकळी सोडलेली असतात. त्यांत नट-बोल्ट घालून पायरी कसायची, म्हणजे नवं भोक नाही, वेल्डिंग नाही, पुढेमागे पाना लावला की निघेल. पंख्याला वेगळी छोटी बॅटरी, म्हणजे कंपनीच्या वायरला हातच लागत नाही. गाडीला ओरखडा न काढता ती बदलायची कशी, याचा इतका विचार केलेला माणूस मी नंतरही पाहिला नाही. ते चित्र मी कंपनीला पाठवलं. उत्तर नाही. पुन्हा पाठवलं. तुमची विचारणा नोंदवली आहे, असं उत्तर आलं आणि त्यानंतर काहीच नाही.

तो शनिवार होता. सकाळपासून तीन मालक माझ्या टेबलावर हात आपटून गेले होते. डबा उघडायला वेळ मिळाला नव्हता. दादा बाकावरून उठून पुढे आले आणि त्यांनी पुस्तक उघडलं. कॉम्प्युटरवरून नजर न काढता मी म्हटलं, "चालेल, दादा. करा."

"पायरी पन?"

"पायरी पण."

त्यांनी पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "लिहून देता का?"

"लिहून कशाला? मी आहे ना इथे."

पंधरा दिवसांनी ते गाडी दाखवायला आले. मावशींनी उजव्या हाताने दांडा धरला, एक पायरी चढल्या, थांबल्या, दुसरी चढल्या, थांबल्या. दादा मागे उभे होते, पण दोन्ही हात पाठीशी बांधून. वर बसल्यावर मावशींनी खिडकीतून खाली बघितलं. "हितनं तुमचं वर्कशॉप लय बारकं दिसतं गं," त्या मला म्हणाल्या. त्या दिवशी बघायला कोणी थांबलं नव्हतं. बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

सात-आठ महिने बरे गेले. मग राहुड घाटात गाडी बंद पडली. इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप गेला होता. कांदा दुसऱ्या गाडीत भरून पाठवला आणि दादांचा ट्रक ओढून आमच्याकडे आणला. एवढा मोठा भाग म्हटल्यावर कंपनीचा इंजिनियर पुण्याहून तपासणीला आला. माणूस वाईट नव्हता. त्याने पंप बघितला, गाडीभोवती फिरला, पायऱ्यांचे फोटो काढले, पंख्याच्या बॅटरीचे काढले.

"हे परवानगीने केलंय का?" त्याने विचारलं.

दादांनी पुस्तक काढलं आणि पायरी कशी बसवली, वायर कशी तोडलेली नाही, ते सांगायला लागले. इंजिनियरने शांतपणे ऐकून घेतलं. "काका, पायरीचा आणि पंपाचा संबंध नाही, हे मलाही कळतं. पण बाहेरची बॅटरी दिसली की वरचे लोक मला विचारणार. इथल्या कोणी हो म्हटलं असेल, तर सांगा. तोंडी असलं तरी मी तसं लिहितो. मग क्लेम पास होईल. पुढचं हे वर्कशॉप आणि कंपनी बघून घेतील."

आमचे मॅनेजर माझ्याकडे बघायला लागले. माझ्या आधी त्या टेबलावर जो होता, त्याला अशाच एका तोंडी 'हो'पायी घरी बसवलं होतं. मी कायम व्हायला दोन महिने राहिले होते आणि घरात पगार माझा एकटीचा होता. मी हातातल्या जॉबकार्डावर नजर ठेवली. त्यावरचा चेसिस नंबर वाचला. पुन्हा वाचला. पुन्हा वाचला.

दादांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग ते इंजिनियरला म्हणाले, "नाय साहेब. कोनी नाय सांगितलं. माझ्या मनानं केलं."

"कोणाला विचारलंच नाही?"

"नाय."

नटसुद्धा विचारल्याशिवाय न कसणारा तो माणूस 'कोणाला विचारलंच नाही' असं सांगून मोकळा झाला. कंपनीकडे नोंदवलेली विचारणा इंजिनियरने पाहिलेली नव्हती आणि मीही ती काढून दाखवली नाही; त्याने क्लेम नामंजूर केला. खाली तपासल्याची सही माझी होती. ती मी केली.

नवा पंप येऊन बसेपर्यंत गाडी आमच्या आवारात उभी राहिली. अकरा दिवस. पंपाचा सगळा भार दादांवर पडला आणि कांद्याचा हंगाम समोरून निघून गेला. ती दोघं केबिनमध्येच राहत होती. माझ्या खिडकीतून सगळं दिसायचं. सकाळी दादा स्टोव्ह पेटवायचे, मावशी एकेक पायरी उतरायच्या, उन्हात बसायच्या, एकेक पायरी चढायच्या. मी कॅन्टीनला मागच्या बाजूने जायला लागले.

एकदा मावशींनी मला गाठलंच. त्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या. "पोरी, रोज मागून का जाती?" त्या सरकल्या आणि त्यांनी शेजारी जागा केली. मी बसले. त्यांनी माझ्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला आणि आपल्या मुलीला दिवस गेल्याचं सांगत राहिल्या. पंपाबद्दल एक शब्द नाही. तो तुकडा खाऊन होईपर्यंत मी तिथे होते, मग उठले.

त्यानंतरही दादा सर्व्हिसिंगला यायचे. "बरंय का मॅडम?" म्हणायचे, जॉबकार्डावर सही करायचे, जायचे. बाकावर मात्र बसले नाहीत. आणि मला त्यांनी पुन्हा कधीच काही विचारलं नाही. मेकॅनिकांच्याही ते लक्षात आलं. 'चालंल का' हे नाव हळूहळू त्यांनीच सोडून दिलं. मी कायम झाले. घरी पेढे आणले. मला त्यातला एकही खाववला नाही, पण हे मी कोणाला सांगितलं नाही.

वॉरंटी संपायच्या आठवड्यात ते शेवटच्या सर्व्हिसिंगला आले. यापुढे गावाकडच्या मिस्त्रीकडे काम करणार, असं म्हणाले. कागद त्यांच्या हातात देताना मी धीर केला.

"दादा, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

त्यांनी कागदाची घडी केली. "बोलला असता तर काय झालं असतं?"

"तुमचा पंप फुकट बसला असता."

"आन् तुम्ही?"

"मी घरी बसले असते."

"मंग मी बरोबर बोललो." त्यांनी घडी खिशात ठेवली. मला वाटलं, संपलं. ते दारापर्यंत गेले आणि परत आले. "पन मॅडम, खरं सांगू का, वाईट वाटलं होतं. पंपाचं नाय. तुम्ही मान खाली घातली त्याचं. लय दिवस वाटलं."

मी मान हलवली. "आता नाय वाटत," असं ते म्हणाले नाहीत. त्यांना खोटं बोलता यायचं ते फक्त दुसऱ्यासाठी. "येतो," म्हणाले आणि गेले. गाडी फाटकातून वळताना मावशींनी खिडकीतून आपला चांगला, उजवा हात हलवला.

मावशी गेल्याचं मला चांदवडच्या एका ड्रायव्हरकडून कळलं, तेही वर्षभर उशिरा. दादांनी ट्रक विकला आणि ते मुलीकडे राहायला गेले, असं तो म्हणाला. भेटून यावं असं खूपदा मनात आलं. सटाणा काही लांब नाही. पण सुट्टीच्या दिवशी अंगात त्राण नसतं, आणि जाऊन बोलणार काय, हाही प्रश्न असतोच. गेले नाही.

आता गाडीत बदल करण्याआधी कोणी विचारायला आलं, तर मी खुर्ची पुढे करते. असे लोक थोडे. त्यांचं ऐकून घेते, गाडी बघून येते आणि वर्कशॉपच्या कागदावर उत्तर लिहून देते. काय चालेल, काय चालणार नाही, आणि कंपनीने उत्तर दिलं नसेल तर तेही. मॅनेजरांना हे आवडत नाही. असले कागद अंगाशी येतात, अशी समज मला दोनदा लेखी मिळाली आहे. बरोबरच आहे त्यांचं, येतात. मलाही कधीकधी वाटतं, तोंडी सांगून मोकळं व्हावं, डबा खावा. पण लिहिते. आणि कोणी सांगितलं, असं उद्या कोणी विचारलंच, तर खाली माझं पूर्ण नाव असतं.