शनिवारचं ओलं फडकं

मिसेस ग्रॅटन यांना मी फारसा ओळखत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या दोन घरांमध्ये एकच कुंपण होतं, दर शनिवारी सकाळी चर्चमध्ये आम्ही दोघंच असायचो, आणि तरी त्यांचं माहेर कुठलं हे मला त्यांच्या दफनाच्या दिवशी कळलं. त्यांचं पहिलं नाव हिल्डा. ते मी कधी तोंडातून काढलं नाही. त्या मला अरे विल्फ म्हणायच्या, मी त्यांना अहो मिसेस ग्रॅटन.

शनिवारी माझं काम मनोऱ्यातल्या घड्याळाला किल्ली देण्याचं. त्यांचं काम थडगं पुसण्याचं. आमच्या एल्मस्टनच्या चर्चमध्ये वेदीच्या डाव्या हाताला सर फुल्क आणि त्याची बायको लेडी ॲव्हिस थडग्यावर दगडात कोरलेले, शेजारी शेजारी उताणे झोपलेले आहेत, सहाशे वर्षं होत आली. त्याच्या अंगात चिलखत आणि पायाशी सिंह. तिच्या पायाशी एक लहानसं कुत्रं, तिच्या झग्याचं टोक दातात धरून ओढणारं. दोघांचे हात छातीवर जोडलेले. दगड आमच्याच भागातल्या खाणीतला, पांढरा, हाताला मेणासारखा लागणारा. शाळेतली पोरं परीक्षेच्या आधी कुत्र्याच्या नाकावरून बोट फिरवून जातात. आणि गावात लग्न लागलं की नवरी आपला गुच्छ लेडी ॲव्हिसच्या जोडलेल्या हातांवर ठेवते, मग तिथे फोटो काढतात. मिसेस ग्रॅटन यांनीही ठेवला होता.

थडगं पुसायचं काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. फुलं सजवायची पाळी लावलेली असते, पितळ घासायची असते, थडग्याची नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात लेडी ॲव्हिसच्या तोंडावर बसलेली काजळी त्यांना बघवली नाही, आणि तेव्हापासून त्या कोमट पाण्याची छोटी बादली घेऊन येत राहिल्या. सर फुल्कवर कोरडं फडकं भराभर मारायच्या. पुरुषमाणसाला तेवढं पुरे, असं म्हणायच्या. लेडी ॲव्हिसचं तोंड मात्र ओल्या फडक्यानं हळूहळू, जेवलेल्या पोराचं तोंड आईनं पुसावं तसं, ओठांच्या कोपऱ्यांपर्यंत. ग्रॅटन जोडप्याला मूल नव्हतं. त्याबद्दल मला एवढंच माहीत आहे.

पुसताना त्या तिच्याशी बोलायच्या. मनोऱ्याच्या जिन्यात सगळं ऐकू येतं, म्हणून मी मुद्दाम खोकून वर जायचो. मिस्टर ग्रॅटन, म्हणजे सिरिल, बिअरच्या कारखान्यात लाकडी पिंपं बनवायचे. त्यांना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, पुढच्या खोलीत खाटेवर पडून राहायची वेळ आली, तेव्हापासून बोलणं वाढलं. सिरिलनं आज लापशी थुंकली, सिरिलनं रात्रभर पांघरूण ओढलं, असं चालायचं. आठवड्यात तेवढाच एक तास त्या घराबाहेर पडत. मी खाली आलो की बादली उचलून म्हणायच्या, "घड्याळाला किल्ली देतोस तशी जिभेलाही देत जा कधीतरी." मी हसायचो. आमचं संभाषण ते एवढंच.

मग एका शरद ऋतूत बिशपच्या कचेरीनं मिस ओकली नावाची एक तरुण बाई पाठवली. जुन्या मूर्तींची देखभाल करणारी. चांगली मुलगी होती. दोन दिवस ती दिवा आणि भिंग घेऊन थडग्यापाशी बसली. दुसऱ्या दिवशी मिसेस ग्रॅटन तिच्यासाठी चहा घेऊन आल्या, तेव्हा ती पाद्रींना दाखवत होती. मी शिडीवर होतो. ती म्हणाली, हा दगड पाण्यात विरघळतो. मिठासारखा नाही, फार हळू, पण विरघळतो. सर फुल्कच्या मिशीचा केस न् केस शाबूत आहे. लेडी ॲव्हिसचे मात्र ओठ गेले, पापण्या गेल्या, नाक अर्धं गेलं. "कुणीतरी वर्षानुवर्षं ओल्या फडक्यानं पुसत आलंय," ती म्हणाली. "मनात काही वाईट नसणार."

पाद्री खाली बघू लागले. मिसेस ग्रॅटन यांनी ट्रे बाकावर ठेवला.

"साखर किती घालू?" त्यांनी विचारलं.

दोन दिवसांनी त्यांनी मला कुंपणापाशी हाक मारली. हातात त्यांच्या लग्नाचा फोटो होता. सिरिल नव्या कोटात आखडून उभे, त्या बारीकशा, आणि पुढे लेडी ॲव्हिस, हातांवर गुच्छ. त्यांनी अंगठ्यानं गुच्छ झाकला.

"तोंड बघ तिचं."

मी चष्मा पुसून बघितलं. ओठांची कड धारदार होती. एका बाजूला किंचित वर गेलेली, आता हसेल अशी.

"दर आठवड्याला बघत होते रे, म्हणून दिसलंच नाही मला," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो की इतक्या नवऱ्या, इतकी पोरं, सगळ्यांचे हात लागलेत.

"पोरांनी कुत्र्याचं नाक घालवलं. तोंड मी घालवलं."

त्या फोटो ॲप्रनच्या खिशात घालून आत गेल्या.

थडग्याभोवती निळा दोर लागला. मिस ओकलीनं एक मऊ, कोरडा ब्रश पाद्रींपाशी ठेवला होता, वर्षातून एकदा धूळ झटकायला. पाद्रींनी तो मिसेस ग्रॅटन यांच्याच घरी नेऊन दिला आणि हे काम तुम्हीच करा असं सांगितलं. त्यांनी तो कागदात होता तसाच कपाटात ठेवला. शनिवारी त्या येईनाशा झाल्या. मी किल्ली देताना जिन्यात फक्त घड्याळाच्या दात्यांचा आवाज यायचा, तरी सवयीनं खोकायचो.

सिरिलसाठी येणारी नर्स एकदा फाटकापाशी म्हणाली, "ग्रॅटनबाई त्यांचं सगळं करतात, कपडे बदलतात, नखं कापतात, पण तोंड धुवायला मात्र मी येईपर्यंत थांबतात. तोंडाला हात लावत नाहीत. पूर्वी तर मला लावू देत नव्हत्या." असं का, ते तिला कळत नव्हतं. मला कळलं, पण मी म्हणालो की थंडी फार आहे.

जानेवारीत बर्फ पडून रस्ता बंद झाला. नर्स येऊ शकली नाही. सिरिलना उचलून बसवायला मिसेस ग्रॅटन यांनी मला बोलावलं. आम्ही त्यांना उशांना टेकवलं. मिसेस ग्रॅटन यांनी लापशी भरवली. हनुवटीवर ओघळ आला, सुकू लागला. कोमट पाण्याचं भांडं आणि फडकं तयार होतं, पण त्या नुसत्या भांड्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"विल्फ, तू पूस."

मी फडकं पिळलं. ते जवळ नेताच सिरिलनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी दुसऱ्या बाजूला गेलो, त्यांनी पुन्हा फिरवलं.

"तुझ्या हाताला घड्याळाच्या तेलाचा वास येतो, म्हणून," त्या म्हणाल्या. पण आवाज नेहमीचा नव्हता.

सिरिलनी चांगला हात पांघरुणातून काढला आणि बायकोचं मनगट धरलं. मग डोळे मिटले आणि हनुवटी पुढे केली, लहान मूल करतं तशी. मिसेस ग्रॅटन यांनी माझ्याकडून फडकं घेतलं. आधी ओघळ पुसला. मग कपाळ, गाल, नाकाच्या कडा, ओठांचे कोपरे. फार वेळ लागला. मी खिडकीतून बर्फ बघत राहिलो.

"हट्टी म्हातारा," मागून त्यांचा आवाज आला. "सगळं झिजवून घ्यायचं ठरवलंय माझ्याकडून."

त्यानंतर नर्सला त्या पुन्हा तोंडाला हात लावू देईनात. ईस्टरच्या आधी सिरिल गेले. प्रेतपेटीवाले यायच्या आत मिसेस ग्रॅटन यांनी त्यांना स्वतः धुतलं होतं, दाढीसुद्धा केली होती.

मे महिन्यात घर विकून त्या समुद्राकाठी बहिणीकडे राहायला गेल्या. पानं गळायच्या सुमारास त्या झोपेतच वारल्याचं कळलं. त्यांना इथे आणून सिरिलच्या शेजारी पुरलं. त्यांच्या दगडावर फक्त नावं आहेत.

गाव सोडून जायच्या आधीच्या शनिवारी त्या चर्चमध्ये आल्या होत्या. मी मनोऱ्यातून खाली उतरत होतो. त्यांच्या हातात तो ब्रश होता. त्यांनी निळा दोर सोडला, सर फुल्कचं चिलखत झटकलं, सिंह झटकला, मग लेडी ॲव्हिसच्या झग्याच्या चुण्या आणि कुत्रं. बोलल्या काही नाहीत. तोंडापाशी आल्यावर ब्रश खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर, न टेकवता, तळहात धरला. दोन बोटांचं अंतर असेल. मग दोर पुन्हा अडकवला आणि ब्रश माझ्या हातात दिला.

आम्ही चर्चच्या मागच्या खोलीत चहा घेतला. त्यांनी कप विसळले, कोट चढवला, हातमोजे शोधले. मला पुष्कळ बोलायचं होतं. त्या दारापाशी थांबल्या.

"किटलीतलं उरलेलं पाणी ओतून टाक हं जाताना."

"हो, मिसेस ग्रॅटन," मी म्हणालो.